नाव घेऊन निषेध

अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात, विद्यार्थी कल्याण विभागात मी नोकरी करते. धर्म, वंश किंवा मूळ देश यांवरून कुणा विद्यार्थ्याला त्रास झाला, तर त्याची तक्रार पहिल्यांदा आमच्याकडे येते. बऱ्याच लोकांना वाटतं की कुणी द्वेषाचं बोललं की आम्ही त्याला काढून टाकत असू. खासगी विद्यापीठ एखादवेळी काढेलही. आम्ही पडलो राज्याची संस्था. भाषणस्वातंत्र्य राखणारी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती आम्हाला थेट लागू होते आणि अमेरिकी कायद्यात नुसतं द्वेषाचं बोलणं हा गुन्हा नाही. भर चौकात उभं राहून कुणी ज्यूंबद्दल किंवा मुसलमानांबद्दल अगदी हिणकस बोललं, तरी ती खरीखुरी धमकी नसेल, तात्काळ हिंसेची चिथावणी नसेल, किंवा एखाद्याला शिकणंच अशक्य व्हावं असा गंभीर, सततचा छळ नसेल, तर आमचे हात बांधलेले असतात. 11 ऑगस्ट 2017 च्या रात्री मशाली घेतलेला जमाव ‘ज्यू आमची जागा घेणार नाहीत’ अशा घोषणा देत ज्या आवारातून गेला, ते व्हर्जिनिया विद्यापीठही सरकारीच. दुसऱ्या दिवशी त्याच गावात, शार्लट्सव्हिलमध्ये, एका माणसाने त्या जमावाला विरोध करणाऱ्या निदर्शकांवर गाडी घातली आणि हेदर हायर नावाची तरुणी मेली. माझ्या क्षेत्रातलं कुणीही हे दोन दिवस विसरलेलं नाही.

मी सांगतेय तो सोमवार नोव्हेंबर 2023 मधला, थँक्सगिव्हिंगची सुट्टी तोंडावर आलेली असतानाचा. 7 ऑक्टोबरला हमासने इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसं मारली होती आणि अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेलं होतं. त्यानंतरच्या हल्ल्यांत गाझात मेलेल्यांची संख्या तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे 11,000 च्या वर गेली होती. आमच्याकडे दोन्ही बाजूंची मुलं होती. एकाच वर्गात शेजारी बसणारी, एकाच खानावळीत जेवणारी, आणि आता एकमेकांकडे न बघणारी.

सकाळी वसतिगृहातून फोन आला. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीच्या दाराला लावलेल्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी ‘गॅस चालू करा’ असं लिहिलं होतं आणि खाली 88 हा आकडा. ‘गॅस’ म्हणजे नाझींनी ज्यूंना ज्यांत मारलं त्या विषारी वायूच्या कोठड्या. मजल्याची जबाबदारी असलेला विद्यार्थी घाबरलेला होता. तो आकडा त्याला खोली क्रमांक वाटला होता. इंग्रजी मुळाक्षरांत एच हे आठवं अक्षर. नवनाझी लोक ‘हाइल हिटलर’साठी 88 लिहितात, हे त्याला मी तिथे पोचल्यावर सांगितलं. खोलीतला मुलगा शनिवार-रविवार घरी गेलेला होता, दुपारपर्यंत येणार होता. सफाई कामगार फडकं घेऊन उभाच होता. आधी पोलिसांना फोटो काढू दे, मग पूस, असं मी त्याला सांगितलं.

पोलीस यायच्या आत मी दाराची चौकट नीट पाहिली. आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या थोडं वर, रंगावर दोन चिकटपट्ट्यांच्या ताज्या खुणा होत्या. मध्ये बोटभर लांबीची जागा कोरी. तिथे मेझुझा होती, ज्यू लोक दाराच्या चौकटीला लावतात ती पवित्र वचनांची छोटी नळी.

मला हे लगेच कळलं त्याचं कारण माझं गाव. मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, ही वस्ती. 1948 नंतर त्यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण माझ्या लहानपणी काही घरं होती. शेजारच्या आजी बाजारातून आल्या की हातातली पिशवी खाली ठेवून दाराच्या चौकटीवरच्या त्या छोट्या नळीला बोटं लावायच्या आणि ती बोटं ओठांना लावायच्या. आत चर्मपत्रावर तोरा या ज्यू धर्मग्रंथातली वचनं हाताने लिहिलेली असतात, देव एकच आहे हे सांगणारी. मग मराठीतच विचारायच्या, “काय गो, शाळेत गेली नाहीस?” त्यांचं ज्यू असणं आम्हाला त्यांच्या मालपुव्यांइतकं ओळखीचं होतं.

वसतिगृहाच्या अहवालात फक्त फळ्याचा उल्लेख होता. मेझुझा गेली आहे हे त्यात नव्हतं आणि त्याने सगळा फरक पडत होता. 1990 च्या क्लेरी कायद्यानुसार, विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करावी लागते. साधी चोरी त्यात मोजली जात नाही. द्वेषातून केलेली चोरी मोजली जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नुसत्या फळ्यावरच्या मजकुराला कुणी ‘पोरकटपणा’ म्हणून सोडून देऊ शकलं असतं. मेझुझा उचकटणाऱ्याला मात्र ते दार कुणाचं आहे हे पक्कं माहीत होतं. मोकळ्या पदपथावर खडूने लिहिलेली घाण आणि एका विशिष्ट मुलाच्या झोपायच्या खोलीवर लिहिलेली घाण कायद्यालाही सारखी नाही. धाक घालण्याच्या हेतूने केलेली कृती शिक्षापात्र ठरवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये क्रूस जाळण्याच्या (कृष्णवर्णीयांना धमकावण्याची ही जुनी रीत) एका खटल्यात स्पष्ट केलेलं आहे.

पोलिसांबरोबर मी अजून तिथेच होते तेव्हा दुसरी तक्रार आली. कॅम्पसच्या बस थांब्यावर एका मुलीचा हिजाब कुणीतरी मागून ओढला होता आणि तिला दहशतवादी म्हणून शिवी दिली होती. मी तिला भेटले तेव्हा ती रडत नव्हती. तिला एकच माहिती हवी होती: बसच्या कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवतात? बस नगरपालिकेची असल्यामुळे ते लगेच मागवावं लागणार होतं. ते पत्र मी तिच्यासमोर बसूनच पाठवलं.

दुपारी अध्यक्षांच्या कार्यालयात बैठक. निवेदनाचा मसुदा तयारच होता. ‘अलीकडे घडलेल्या काही अप्रिय घटनांची विद्यापीठाला जाणीव आहे. आम्ही सर्व प्रकारच्या द्वेषाचा निषेध करतो. आपण सारे एक आहोत.’ ज्यू नाही, मुस्लिम नाही, काय घडलं तेही नाही. वाचणाऱ्याला वाटावं, कुणीतरी वाचनालयात मोठ्याने बोललं असेल.

जनसंपर्क प्रमुखांचं म्हणणं असं की ज्यूंचं नाव घेतलं तर मुस्लिम विद्यार्थी दुखावतील, मुस्लिमांचं घेतलं तर विधिमंडळातून फोन येतील, आणि कुणाचंच घेतलं नाही तर कुणीच दुखावणार नाही. मी म्हटलं, कुणीच दुखावणार नाही हे खरं नाही. ज्याच्या दारावर ‘गॅस चालू करा’ लिहिलं, तो हे निवेदन वाचेल आणि त्याला कळेल की विद्यापीठाला त्याचं नाव घ्यायची लाज वाटते. या गोष्टीवर माझं मत तेव्हाही ठाम होतं, आजही आहे. ज्यूद्वेषाला ज्यूद्वेष म्हणायचं टाळून सर्व द्वेषांच्या गठ्ठ्यात बांधून टाकणं म्हणजे निषेध न करण्याची सोय. आणि मुस्लिमद्वेषाचा उल्लेख तोल साधण्यापुरता, वाक्याच्या शेपटाला जोडणं हेही तितकंच वाईट. त्या मुलीचं दुःख दुसऱ्या कुणाच्या दुःखाला पासंग म्हणून वापरायचं नव्हतं.

मला वाटलं होतं, विद्यापीठाच्या वकीलबाई सावध भूमिका घेतील. झालं उलटच. त्या म्हणाल्या, विद्यार्थ्याला बोलू देण्याचं बंधन आपल्यावर आहे. आपण स्वतः गप्प राहावं असं बंधन कुठेही नाही. आपल्याला शिक्षा करता येत नाही अशा बोलण्यावरही आपण टीका करू शकतो. सरकारी विद्यापीठाच्या हाती जे मोजकं उरतं, त्यात हेच सगळ्यात मोठं आहे, ते वापरा.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. 1982 मध्ये मेरीलँडमधल्या शारे तफिला या सिनेगॉगच्या भिंतींवर रंगाने ज्यूविरोधी घोषणा आणि चिन्हं फवारली गेली. ज्यू म्हणजे वेगळा वंश नाही, मग वांशिक भेदाचा कायदा त्यांना कसा लागू, असा प्रश्न उभा राहिला. त्याच काळात पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात इराकमध्ये जन्मलेले प्राध्यापक अल-खझराजी यांना कायम नेमणूक नाकारली गेली होती, आणि अरब म्हणजे तरी वेगळा वंश कुठे, असा बचाव समोरून होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल 18 मे 1987 या एकाच दिवशी दिले. यादवी युद्धानंतर, 1866 मध्ये ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या काळी ज्यू आणि अरब हे दोन्ही वेगळे वंश समजले जात, म्हणून दोघांनाही संरक्षण आहे. वंश, रंग आणि मूळ देश यांवरून भेदभावाला मनाई करणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात धर्म हा शब्द नाही, तरी आज शिक्षण खातं ज्यू, मुस्लिम, शीख, हिंदू विद्यार्थ्यांच्या तक्रारी समान पूर्वजांच्या आधारावर त्याखाली घेतं. 7 नोव्हेंबरला सगळ्या शिक्षणसंस्थांना खात्याचं तसं आठवणपत्रही आलं होतं. टेबलावर ते पडलेलंच होतं.

“एकाचं नाव घेतल्याने दुसऱ्याचं काही कमी होतं, असं कायदाही मानत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. अध्यक्षांनी मसुदा माझ्याकडे सरकवला.

दोघांनाही विचारल्याशिवाय एक अक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही माझी अट होती. मुलगा एव्हाना परतला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: “ज्यू लिहा. माझं नाव नको, मजला नको, पण ज्यू लिहा.” मुलीच्या वडिलांचं गावात दुकान आहे. मुस्लिम लिहायला तिची हरकत नव्हती, पॅलेस्टिनी लिहू नका म्हणाली. ती पॅलेस्टिनी आहे हे ती एरवी अभिमानाने सांगते. तिला ते आपल्याच गावात लपवावं लागावं, याचा मला त्या दिवशी सगळ्यात जास्त संताप आला.

संध्याकाळी निवेदन गेलं. पहिल्या परिच्छेदात एका ज्यू विद्यार्थ्याच्या दारावरून मेझुझा चोरली गेली, नाझी संहाराची धमकी लिहिली गेली, हा ज्यूद्वेष आहे आणि विद्यापीठ त्याचा धिक्कार करतं. दुसऱ्यात एका मुस्लिम विद्यार्थिनीवर तिच्या हिजाबमुळे हल्ला झाला, हा मुस्लिमद्वेष आहे आणि विद्यापीठ त्याचा धिक्कार करतं. तिसऱ्यात तक्रार कुठे करायची, पोलीस तपास कुठवर आलाय. ‘आपण सारे एक आहोत’ काढून टाकलं.

रात्रभर ईमेल येत राहिले. ओलिसांचा उल्लेख का नाही, गाझातल्या मुलांचा का नाही. त्या प्रश्नांत दुःख होतं आणि मी त्यांना उत्तरं दिली: हे निवेदन आपल्या आवारात, आपल्या मुलांच्या बाबतीत घडलेल्या दोन गुन्ह्यांबद्दल आहे. वीस वर्षांच्या मुलाने कुठल्या सरकारची बाजू घेतो हे आधी सांगावं, मग त्याच्या दारावरच्या धमकीचा निषेध करू, हे मला मान्य नाही. हिजाब घातलेल्या मुलीने बस थांब्यावर हमासचा खुलासा द्यावा, हेही नाही.

पण त्याच आठवड्यात त्या मुलाशी माझा वाद झाला. मध्यवर्ती हिरवळीवर पॅलेस्टाइनच्या बाजूने मोर्चा ठरलेला होता, रीतसर परवानगी घेऊन. ‘नदीपासून समुद्रापर्यंत’ (म्हणजे जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत, पॅलेस्टाइन मुक्त होईल) ही घोषणा तिथे बंद करा, असं तो म्हणाला. ती ऐकली की त्याला आपल्या लोकांचा नायनाट ऐकू येतो; मोर्चातली मुलं म्हणत होती की आम्ही स्वातंत्र्य मागतोय. त्याला काय ऐकू येतं यावर माझा पूर्ण विश्वास होता. तरीही मी नाही म्हटलं. मोकळ्या हिरवळीवरची राजकीय घोषणा आम्ही बंद करू शकत नाही, आणि आज त्यांची बंद केली तर उद्या त्याची करता येईल. कुणी त्याला गाठून, त्याचा रस्ता अडवून तीच घोषणा तोंडावर ओरडलं तर ती वेगळी बाब, तेव्हा मी तिथे असेन, हेही सांगितलं. त्याला ते पटलं नाही. दार आपटून गेला.

बसचं चित्रण मिळालं. हिजाब ओढणारा विद्यापीठाचा नव्हता, गावातला होता. त्याच्यावर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. वसतिगृहातलं प्रकरण शिस्त समितीकडे गेलं. 1974 च्या विद्यार्थी गोपनीयता कायद्यामुळे त्याबद्दल मला याहून अधिक बोलता येत नाही.

पुढे त्या मुलाने विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात आमच्या विभागावर कडक लेख लिहिला. घोषणेबद्दलचं त्याचं मत मला आजही मान्य नाही. पण दोन मुद्दे त्याने अचूक पकडले होते. आमच्या तक्रार अर्जात ‘धर्म’ किंवा ‘वंश’ यांपैकी एकाच चौकोनात खूण करायची सोय होती, आणि ज्यू मुलाने नेमकी कशावर करायची? शीख मुलाने? दुसरं, त्याने खोली बदलून मागितली होती आणि वसतिगृहाने त्याला सत्र संपेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. लेख छापून आला त्या सकाळी मी त्याची प्रत घेऊन वसतिगृहाच्या कार्यालयात गेले. खोली दुसऱ्या दिवशी मिळाली. अर्ज बदलायला वसंत सत्र उजाडलं. आता त्यात ‘समान पूर्वज’ हा पर्याय आहे, हव्या तितक्या चौकोनांत खूण करता येते, आणि धार्मिक वस्तूची चोरी किंवा मोडतोड झाली का, हे वेगळं विचारलं जातं.