नाशिकच्या बैठकीत इंडियानापोलिसचा वाद

मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून मी नाशिकला गेलो, तो मोटारशर्यतींच्या वेडाने जोडल्या गेलेल्या मित्रांना भेटायला. या शहराला रॅलीची आवड आहे, शिवाय सातपूरला सिएटचा कारखाना असल्याने टायरविषयी इथली माणसे ऐकीव बोलत नाहीत. सकाळची मिसळ आटोपून गंगापूर रोडवरच्या एका घरी आम्ही जमलो आणि विषय निघाला तो १९ जून २००५ च्या, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीचा.

त्या शुक्रवारी सरावात तेराव्या वळणावर राल्फ शूमाखरच्या टोयोटाचा डावा मागचा टायर निकामी होऊन गाडी भिंतीवर आदळली होती. कडेने उचललेल्या त्या वळणावर भरधाव जाताना डाव्या टायरांवर प्रचंड भार येतो, आणि त्या वर्षीच्या नियमाने पात्रता फेरी व शर्यत टायरांच्या एकाच संचावर पूर्ण करायची होती. तिथला वेग कमी झाल्याशिवाय टायरची हमी देता येणार नाही, असे मिशेलिन या टायर कंपनीने सांगितले. वळणाआधी शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारे नागमोडी अडथळे, उभारण्याची सूचना एफआयए या मोटारशर्यतींच्या नियामक संस्थेने फेटाळली. अखेर मिशेलिनवाल्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यतीआधीची संथ फेरी, संपताच पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) वळल्या आणि ब्रिजस्टोनचे टायर लावलेल्या सहाच धावल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, काहींनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या.

"रात्र जागून आम्ही सहा गाड्या बघायच्या का?" असे म्हणणाऱ्या मित्राचा राग इतक्या वर्षांनीही ओसरलेला नाही. त्यावर टायरच्या धंद्यात उभी हयात घालवलेल्या काकांनी फाटक्या टायरचा एक तुकडा आणून माझ्या हातात दिला. वरचे रबर शाबूत दिसत होते, पण आतले धाग्यांचे थर सुटले होते आणि बोटाने दाबताच ती जागा पापुद्र्यासारखी हलत होती. "गोटा झालेला टायर डोळ्यांना दिसतो रे, हा दिसत नाही. मग ड्रायव्हरने कुणाच्या भरवशावर बसायचं?" काका म्हणाले.

मला काकांचे पटते. चूक टायर कमकुवत आणण्यात झाली. ती कबूल करून गाड्या थांबवणे हे मात्र शहाणपणच होते. बाटल्या फेकणे गैर, पण पैसे परत मागणे रास्त होते, आणि मिशेलिनने ते दिलेही, शिवाय पुढच्या वर्षीची २०,००० तिकिटे विकत घेऊन त्या प्रेक्षकांसाठी ठेवली. नियमांवर अडून बसलेल्यांनी त्यांना काय दिले, हा प्रश्न मला आजही सतावतो.

वाद सर्वांत रंगला तो नारायण कार्तिकेयनवरून. त्या सहांपैकी जॉर्डन संघाच्या गाडीतून तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. रागावलेला मित्र त्या पाच गुणांना मोल द्यायला तयार नव्हता. मी ठामपणे सांगितले की त्याच वळणावरून तोही फेरीमागून फेरी गेला आणि गाडी शेवटपर्यंत नेली, त्यामुळे ते गुण त्याच्या हक्काचेच आहेत. जेवणाची पाने मांडली तरी आमचे एकमत झाले नव्हते.