पोटगीचा अर्ज आणि ते खर्चाचं पान (माझा अनुभव)

२०२१ च्या दिवाळीनंतर मी मुलीला घेऊन माहेरी आले ती परत गेलेच नाही. नवरा पिंपरीत, चाकणच्या कंपनीत नोकरीला, मी साताऱ्याकडच्या आमच्या गावी, मुलगी पाच वर्षांची. पहिले तीन महिने तो पैसे पाठवेल पाठवेल म्हणून वाट बघितली, एकदा दोन हजार आले आणि मेसेज की आईबाबांच्या औषधांचा खर्च आहे. मग आप्पाच म्हणाले चल वकिलाकडं.

आमच्याकडं पोटगी म्हणलं की सगळ्यांकडं सल्ले तयार असतात. एकजण म्हणे पगाराच्या २५ टक्के फिक्स, दुसरी म्हणे तू बी.कॉम. आहेस तुला छदाम मिळणार नाही. दोन्ही खोटं निघालं. २५ टक्क्यांचं म्हणजे २०१७ साली सुप्रीम कोर्टाने एका केसमधे नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य धरली होती तेवढंच, कायद्यात असा आकडा कुठंच नाही. आणि आईची एक मावसबहीण आहे तिला १९९६ साली महिना ४०० रुपये लागले होते, कारण तेव्हा ५०० च्या वर देताच यायचे नाहीत, ती मर्यादा २००१ ला काढली. मावशी अजून म्हणते माझी पोटगी म्हणजे दुधाचं बिल.

मी वकील मॅडमकडं जाताना १४ पानं लिहून नेली होती, सासूबाई काय बोलल्या, कोणत्या सणाला काय झालं, सगळं तारखांसकट. मॅडमनी वाचलं, अगदी नीट वाचलं, आणि त्यातली दीडदोन पानंच अर्जात घेतली. म्हणाल्या ताई, वेगळं राहायला पुरेसं कारण आहे एवढं दाखवायला हे बास, आता मला घरभाडं सांगा, गॅस सांगा, रिक्षा सांगा. मला रागच आला खरं तर. एवढं सोसलं आणि ह्यांना रिक्षाचे पैसे पाहिजेत.

अर्ज फेब्रुवारी २०२२ ला टाकला, तेव्हाच्या सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून तेच बीएनएसएसचं, म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय). ह्याचा फायदा असा की बायको राहते तिथल्या कोर्टात टाकता येतो, मला पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत, त्यालाच तारखेला इकडं यावं लागलं. वकिलाची फी १५ हजार आप्पांनी भरली, आणि मला सहा महिन्यांनी कळलं की बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असू दे. हे आधी कुणी बोललं नाही!

मग आलं ते ॲफिडेव्हिट, म्हणजे शपथपत्र. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा ह्या केसमधे सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक केसमधे दोघांनीही आपापलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथेवर ठराविक नमुन्यात द्यायचं. ती केस आपल्या नागपूरचीच, २०१३ पासूनचं भांडण. तर तो नमुना घेऊन मी दोन रात्री स्वयंपाकघरात बसले. महिन्याचा किराणा किती, औषधं किती, कपडे किती. मी आयुष्यात कधी हिशेबाची वही ठेवली नव्हती, आणि माहेरी राहताना किराणा आप्पांचा, भाडं नाही, म्हणजे माझा खर्च शून्य का? असंच भरत गेले, कपडे ० टाकलं, पॅड्सचे पैसे लिहायची लाज वाटली म्हणून सोडले, मुलीचा वाढदिवस वगैरे तर मनातच आलं नाही. सगळी बेरीज ७,८०० झाली. मॅडमनी पान बघितलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुम्ही तिकडं कशा राहत होता ते लिहा, आप्पांच्या जिवावर कसं भागवताय ते नको, कोर्ट लग्नातलं राहणीमान बघतं. परत भरलं, १९,५०० झाले, आणि तरी मला वाटत होतं मी फुगवून सांगतेय.

दुसरी गोष्ट सांगते ती जरा लाजिरवाणी आहे. मी पाच पोरांची शिकवणी घेत होते, ७०० प्रमाणे ३,५०० महिना, आणि ते मी लिहिलंच नाही. म्हणलं कॅश तर आहे. पण दोन पालक फोनपेवर द्यायचे आणि बँक स्टेटमेंट जोडायचंच होतं. मॅडम अशा चिडल्या की बाहेर बसलेल्या क्लायंटला ऐकू गेलं असेल, शपथेवर खोटं म्हणजे आपल्यावरच कारवाई, आणि एकदा खोटं सापडलं की बाकीचं खरंही कोण मानणार. लिहिले ३,५००. त्याने काही बिघडलं नाही, उलट पुढं उपयोगच झाला.

कारण समोरच्याने काय केलं बघा. त्याच्या पगाराच्या स्लिपवर हातात ५१ हजार, आणि त्याच्या वकिलाचं म्हणणं घरभाडं, आईवडील, गाडी, उरतं काय. पण एकूण पगार ८४ हजार होता. टॅक्स, पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स मिळून ११ हजार जात होते ते ठीक, बाकी १३ हजार कंपनीच्या पतसंस्थेचं कर्ज आणि ९ हजार व्हीपीएफ, म्हणजे स्वतःहून जास्तीचा पीएफ, आणि तो चालू झाला जानेवारी २०२२ पासून, मी निघून आल्यावर! मॅडमनी तेवढीच एक गोष्ट धरली. सक्तीची कपात वजा होते, स्वतःच्या मर्जीने केलेली बचत आणि कर्जाचे हप्ते दाखवून बायकोमुलीचा हिस्सा कमी करता येत नाही. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर, पेन्शन चालू, तेही आम्ही दाखवलं. कोर्टाने त्याचं उत्पन्न ७३ हजारच्या आसपास धरलं.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज समोरच्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असं कायद्यात लिहिलंय. आमचं काय झालं तर त्याच्या वकिलाने से म्हणजे लेखी उत्तर द्यायला मुदत मागितली, मग परत मागितली, मग जज साहेब रजेवर, मग सुट्ट्या. सकाळी अकराला जायचं, बोर्डावर नंबर ४३, दुपारी पुकारा आणि पुढची तारीख. मुलीला शेजारच्या काकूंकडं ठेवून जायचे. ऑर्डर आली मे २०२३ ला, १० हजार मला, ६ हजार मुलीला, आणि अर्ज केल्याच्या तारखेपासून. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, तेही त्या २०२० च्या निकालामुळंच. १५ महिने गुणिले १६ हजार म्हणजे २ लाख ४० हजार थकबाकी, ती त्याला हप्त्यांनी द्यायला सांगितली.

दिली का? चार महिने दिली मग बंद. मग वसुलीचा अर्ज. थकलेल्या महिन्यांची वसुली वर्षाच्या आत मागावी लागते, नाहीतर वॉरंटचा रस्ता बंद होतो, म्हणून मॅडम मागं लागल्या होत्या. दर थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत जेल होऊ शकते आणि जेल भोगली तरी देणं माफ होत नाही. वॉरंट निघालं, पोलीस स्टेशनमधून फोन गेला, दुसऱ्या दिवशी ६० हजार जमा. मला आनंद झाला नाही, मुलीने विचारलं बाबांना पोलीस का शोधतायत, हे तिला शाळेत कुणी सांगितलं देव जाणे.

उलटतपासात त्याच्या वकिलाने एकच लावून धरलं, तुम्ही पदवीधर आहात ना, लग्नाआधी नोकरी केली ना, मग आता का नाही. मी म्हणलं नऊ वर्षं घर सांभाळलं, गावात बी.कॉम.ला किती पगार मिळतो तुम्हीच सांगा, आणि जेवढं मिळवते ते ३,५०० लिहून दिलंय. तिथं ती शिकवणी कामाला आली. मॅडमनी सांगितलं होतंच की कमावू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं वेगळं, असं सुप्रीम कोर्टाने म्हणलंय, पण घाबरून बोलू नका, जे आहे ते बोला. शेवटची ऑर्डर ऑक्टोबर २०२४, १३ हजार आणि ८ हजार. मी मागितले होते ३५. त्याने पुण्यात घटस्फोट टाकलाय तो चालू आहे, तिथं मी वेगळी पोटगी मागितली तर ही रक्कम सांगावीच लागणार आणि ती धरूनच ते ठरवणार.

आता मुलीच्या शाळेची फी १८ हजारांवरून २६ हजार झालीय म्हणून वाढीचा अर्ज करतोय. शिकवणीत आता अकरा पोरं आहेत, ७,७०० येतात, तेही लिहायचंय आणि समोरचा त्यावर बोट ठेवणार हे माहितेय. काल रात्री परत तेच खर्चाचं पान घेऊन बसले. पॅड्स लिहिले, मुलीचा वाढदिवस वर्षाचे २,००० म्हणजे महिना १६७ असं लिहिलं, आणि कपड्यांच्या पुढं यावेळी आकडा टाकला.