वणव्याची कड

आमची प्रयोगशाळा पाषाणला आणि माझं काम गणिताचं. डेंगीचा विषाणू एका पेशीतून दुसरीत कसा पसरतो, ते तीन समीकरणांत मांडायचं: निरोगी पेशी, बाधित पेशी, मोकळे विषाणू. या समीकरणांवर माझा फार जीव. 1996 मध्ये ॲलन पेरेल्सन आणि सहकाऱ्यांनी औषध सुरू केलेल्या एचआयव्ही रुग्णांच्या रक्तातला विषाणू कसा ओसरतो ते मोजलं, आणि अशाच गणितातून शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होत असल्याचा अंदाज काढला. रुग्ण वर्षानुवर्षं वरून बरा दिसतो आणि आत एवढी धुमश्चक्री! ते वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती.

त्या दुपारी प्रयोग करणाऱ्या ताईंनी प्लेटा रंगवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी पेशींचा थर आणि त्यावर सोडलेला डेंगीचा विषाणू. चौथ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी थांबवलेल्या. जिवंत पेशी जांभळा रंग धरतात, मेलेल्यांच्या जागी पांढरा गोल डाग उरतो. माझ्या समीकरणानुसार डाग सुरुवातीला तरी दामदुपटीने फुगायला हवे होते. पण त्रिज्या रोज जवळपास तेवढीच वाढलेली. आलेखावर सरळ रेघ. मोजण्यात चुकले असेन म्हणून चाळीस डाग पुन्हा मोजले. रेघ हलेना.

"अगं, वर जेल ओततो ना आपण," ताई म्हणाल्या. "विषाणू लांब जाणार कसा? लागून असलेली पेशीच धरणार."

मी खुर्चीतच बसून राहिले. मला आठवली उन्हाळ्यातली वेताळ टेकडी. गवत पेटतं तेव्हा मधलं सगळं आधीच काळं झालेलं असतं. जळत असते ती फक्त कड. डागाचंही तेच. मधल्या विषाणूंना धरायला पेशीच उरत नाही, म्हणून कड रोज तेवढीच पुढे सरकते. माझ्या समीकरणात मात्र कुठलाही विषाणू कुठल्याही पेशीला गाठू शकत होता. रक्तात सगळं ढवळलेलं असतं, तिथे हे चालून जातं. यकृतातल्या पेशी तर जागच्या हलत नाहीत!

संध्याकाळी जुनं मॉडेल बाजूला ठेवलं आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आखली. प्रत्येक पेशीला सहा शेजारी. रात्री साडेनऊला पडद्यावर पहिला डाग उमटला आणि त्याची रेघ सरळ आली.

लगेच फोन केला. "ताई, याच विषाणूची एक प्लेट जेलशिवाय लावाल?"

"मग डाग दिसणार नाहीत. रोज वरचा द्रव काढून त्यातला विषाणू मोजावा लागेल."

"मी येते मोजायला."

"सोमवारी ये. आठला."