चित्र, खण आणि ग्रामोफोन: मुंबईतला एक मंगळवार

मंगळवार, रात्री

काळा घोडा, कापडाचं मंगलदास मार्केट आणि चोरबाजार एका दिवसात करायचं, तर आधी वार जुळवावा लागतो. आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद, मंगलदास रविवारी बंद. उरलेल्या वारांत मंगळवार सगळ्यात चांगला. जहांगीर कलादालनात प्रदर्शनं मंगळवारी लागतात नि पुढच्या सोमवारी उतरतात. पहिल्या दिवशी चित्रकार बहुतेक तिथेच बसलेला असतो. त्याला आधी रंग कसा लावला ते विचारावं, किमतीचं नंतर. माणूस खुलतो.

चित्रासमोर उभं राहण्याआधी बाजूला जाऊन, भिंतीलगतून तिरकं पाहावं. सुरीने ओढलेल्या रंगाच्या कडा उजेडात उठून दिसतात. चित्रकार गायतोंडे रंग रोलरने आणि सुरीने चढवत नि खरवडत. त्यांचे थर समोरून एकच धुकं वाटतात, तिरकं पाहिलं की सुटे होतात. बाहेर कुठे कॅनव्हास विकत घेणार असाल तर ही सवय फारच उपयोगी पडते. छापील चित्रावर पारदर्शक जेल फिरवून ब्रशचे फटकारे उमटवतात. पण जेलची रेघ एकीकडे जाते नि रंगाची दुसरीकडे. तिथेच चोरी पकडावी.

संग्रहालय रस्त्यापलीकडेच, 1911 च्या कावसजी जहांगीर सभागृहात, 1996 पासून. अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत जातात. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे या चित्रकारांनी 1947 मध्ये याच शहरात प्रोग्रेसिव्ह गट काढला, हे डोक्यात ठेवून इथली चित्रं पाहावीत.

काळ्या घोड्याच्या गल्ल्यांत हल्ली खणाची जॅकेटं दिसतात, गडद जांभळ्याला पोपटी काठ वगैरे. मला हा धीटपणा मनापासून आवडतो. तसं शिवून घ्यायचं तर मंगलदासमध्ये कापडाचा एक धागा काढून जाळून पाहावा: सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. सुती खण शिवण्याआधी एकदा थंड पाण्यातून काढावा. तो आटतो आणि लाल रंग सुटतो. पन्हा अरुंद असतो आणि नक्षीला वर-खाली असतं, त्यामुळे सगळे भाग एकाच दिशेने बेतावे लागतात. कापड जास्तच घ्या. कमी पडलं की शिंपी बाही उलटी बेततो आणि दंडावरची नक्षी खाली डोकं वर पाय! अस्तराशिवाय काखेतली शिवण लवकर उसवते.

दुपारनंतर मटन स्ट्रीट. इथे सगळ्यात जास्त फसवणूक ग्रामोफोनची होते. चकचकीत नवा पितळी कर्णा, नवी पेटी, आत मात्र छोट्या सुटकेस-ग्रामोफोनची मोटार. दुकानदाराला फळी उचलायला सांगा. चावी पूर्ण भरून दहा इंची तबकडी शेवटपर्यंत वाजवा. ती तीनेक मिनिटांची असते. शेवटी सूर खाली घसरला तर स्प्रिंग थकली आहे किंवा मोटार अपुरी आहे. वेग तपासायला तबकडीखाली कागदाची पट्टी कडेबाहेर डोकावेल अशी ठेवून फेरे मोजावेत, मिनिटाला 78. आवाज चिरका आला तर साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवलेली गोल डबी, हातात घ्या. अभ्रकाच्या चकतीभोवतीचं रबर वाळून दगड झालेलं असतं. ते बदलता येतं, चकतीला तडा असेल तर मात्र भाव पाडून मागा. पोलादी सुई एका बाजूपुरतीच, तबकडी उलटली की नवी लावायची. जुनीच ठेवली तर झिजलेलं टोक खाचा खातं आणि तबकडीवर करडी रेघ उमटते. विकत घेण्याआधी तबकडी उजेडात तिरकी धरून ती रेघ शोधावी.