आमची वाटचाल : कुंडलिकेपलीकडचे वहाळ

कोलाडला कुंडलिकेवरचे राफ्टिंग चालते ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. एरवी पूर्वेला भीमेकडे गेले असते असे मुळशीचे पाणी घाट उतरून इकडे येते, म्हणून भर उन्हाळ्यातही नदीला धार असते. २०११ साली दोन जुन्या कयाकांवर, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होड्यांवर, आम्हीही तिथेच कयाकिंगचा व्यवसाय सुरू केला; परंतु जीव रमला तो पावसाळ्यात कड्यावरून थेट उतरणाऱ्या, नकाशावर नावही नसलेल्या वहाळांत, म्हणजे ओढ्यांत.

हे वहाळ आखूड आणि खड्या उताराचे. माथ्यावर सर कोसळली की दोन-तीन तासांत भरतात आणि उघडीप मिळाली की संध्याकाळी खडक उघडे पडतात. पाण्याचा अंदाज शिकवला तो आमच्या पहिल्या भागीदाराने, म्हणजे मासे धरणाऱ्या दादांनी. ते कधी कयाकमध्ये बसले नाहीत, पण प्रत्येक कोंड, म्हणजे डोह, त्यांना ठाऊक होता. "कासव बुडला की उतरायचा नाय," एवढाच त्यांचा नियम. कासव म्हणजे पुलाखालचा एक खडक. आमची पहिली क्रीक बोट (खडकाळ ओढ्यांसाठीची प्लॅस्टिकची कयाक) तडकली तेव्हा दादांनीच पाण्याच्या फुटक्या काळ्या टाकीचा तुकडा कापून आणला आणि आम्ही तो गरम हवेच्या बंदुकीने वितळवून तिच्या लाल बुडाला जोडला. ती पट्टी अजून सुटलेली नाही.

दोन पावसाळे पायी फिरून, दोर लावून, एकेक टप्पा उतरून आम्ही एक वहाळ पुरता समजून घेतला. त्याचे नाव मी आजही लिहीत नाही, कारण २०१४ साली ते विश्वासाने एका मोठ्या व्यावसायिकाला सांगितले होते. पुढच्याच पावसात त्यांनी तो 'स्वतः शोधलेला' म्हणून विकायला काढला आणि आमचे दोन वाटाडेही नेले. ज्या बंधाऱ्याला आम्ही नेहमी होडी खांद्यावर घेऊन वळसा घालत असू, तिथून त्यांनी नवशिक्यांना सोडले.

नैसर्गिक भोवऱ्याला बहुधा कुठेतरी, बाजूने किंवा तळाशी, सुटायला वाट असते; बंधाऱ्याखालचे पाणी मात्र काठापासून काठापर्यंत सारखेच मागे वळते आणि माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढते. बंधारा दिसायला जितका सरळ, तितका वाईट. कोणी विचारले नसले तरी सांगतो : तिघांपेक्षा कमी जणांनी वहाळात उतरू नये, थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी) होडीच्या तळाशी कोंबू नये आणि आडव्या पडलेल्या झाडाजवळून जाण्यापेक्षा चिखलातून चालावे.

त्या नवशिक्यांपैकी एक मुलगा खांदा निखळून कसाबसा वाचला. त्यानंतर तो सबंध हंगाम सगळ्यांचेच कयाकिंग बंद करण्यात आले. चूक त्यांची, कुलूप आम्हाला. त्यांच्याकडे राफ्ट होते, आमच्याकडे होड्यांचे हप्ते. आगाऊ रकमा परत करण्यासाठी जीप विकली. फक्त पुण्याच्या एका दंतवैद्यांनी पैसे परत घेतले नाहीत. "पुढच्या पावसाचे समजा," म्हणाले आणि पुढच्या आषाढात सहा जणांना घेऊन आले. ते नसते, तर ही वाटचाल इथेच थांबली असती.

नंतरची वर्षे बरी गेली. दादा आता थकले आहेत, तरी पावसाळ्यात रोज सकाळी कासव पाहून फोन करतात.

त्या मोठ्या मंडळींचा फलक अजून रस्त्यावर आहे. त्यावरच्या छायाचित्रात एक लाल होडी धबधब्यावरून उडी घेताना दिसते, आणि तिच्या बुडाला काळी पट्टी आहे.