कागदावरची सात माणसं

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या कॉलनीच्या रहिवासी मंडळाची मी चिटणीस झाले मे २०२३ मध्ये, आणि खरं सांगायचं तर वड्यांमुळं. वार्षिक सर्वसाधारण सभा संध्याकाळी सहाला होती. घरं १२८, गणपूर्तीला हवेत ३२, आले १४. घटनेप्रमाणं सभा अर्धा तास तहकूब झाली. त्या अर्ध्या तासात वडे आले, वड्यांच्या वासानं आणखी पाच जण आले आणि कुणीतरी म्हणालं, "वहिनींचं अक्षर छान आहे." साडेसहाला त्याच जागी सभा पुन्हा सुरू झाली. आमच्या घटनेत तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळं पावणेसातला मी चिटणीस होते. तीन वर्षांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले. आमचे जुने खजिनदार, वय ८१. त्यांच्या मागं नातू, नातवाच्या हातात पत्र्याची पेटी. तिच्यात किर्द, खतावणी, इतिवृत्ताच्या तीन वह्या, सभासद रजिस्टर, अर्धवट वापरलेली पावतीपुस्तकं आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोन नोंदणी प्रमाणपत्रं. दोन कशाला, हे मी त्यांनाच विचारलं. एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं, दुसरं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचं. आपल्याकडं आमच्यासारखं मंडळ दोन्हीकडं नोंदलेलं असतं, म्हणजे चिटणिसाला मालकही दोन. जाताना अप्पा एवढंच म्हणाले, "पेटी जमिनीवर ठेवू नका ताई. २०१३ ची किर्द वाळवीनं खाल्ली."

पहिलं काम सोपं वाटलं होतं : बँकेत सह्या बदलणं. माळ्याचा पगार, समाजमंदिराचं वीजबिल, बोअरची दुरुस्ती, सगळं चेकनं जातं आणि चेकवर सही लागायची अप्पांची आणि जुन्या अध्यक्षांची. जुने अध्यक्ष मुलीकडं पुण्याला राहायला गेलेत. म्हणजे मंडळाचं चेकबुक दर दोन महिन्यांनी कुरिअरनं पुण्याला जायचं आणि सह्या होऊन परत यायचं. हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं! मी ठराव टाइप करून बँकेत नेला. काउंटरवरच्या मुलीनं तो वाचलाही नाही. म्हणाली, "मॅडम, परिशिष्ट एकचा ताजा उतारा लागेल."

उतारा म्हणजे धर्मादाय कार्यालयात आपल्या मंडळाची जी नोंद असते तिची प्रत. तिच्यात विश्वस्तांची, म्हणजे कार्यकारिणीची, नावं असतात. मी अर्ज करून तो काढला आणि तिथंच बाकावर बसून वाचला. नावं सात, सगळी २०११ च्या कार्यकारिणीतली. त्यातले दोघं वारले. एक मेलबर्नला, एक पुण्याला, एकानं घर विकून ओझरला बंगला बांधला. सहावे आमचे अप्पा. सातवे मागच्या गल्लीत राहतात आणि २०१६ पासून मंडळाशी बोलत नाहीत. आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही. कायद्याच्या लेखी मंडळ चालवत होते दोन दिवंगत, चार पांगलेले किंवा थकलेले आणि एक रुसलेले.

दोष सर्वस्वी आमचा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्याकडं निवडणूक व्हायची, हार घातले जायचे, फोटो निघायचा, आणि अर्ज पुढच्या चिटणिसाकडं. वकिलांनी पेटी दोन तास चाळली. मग द्यायचे राहिलेले अर्ज मोजले : २०१४ चा एक, २०१७ चा एक, दोन्ही विलंबमाफीच्या अर्जासह. आणि आत्ताचा मुदतीत, म्हणजे ऑगस्टच्या आत. "२०२० चं काय?" मी विचारलं. २०२० मध्ये कोरोनामुळं सभा झालीच नव्हती, जुनीच मंडळी पुढं चालू असं व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवून ठरलं होतं. वकील हसले. "सभाच नाही तर बदलही नाही. तुमचा एक अर्ज वाचला."

प्रत्येक अर्जाला सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, हजेरी, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले आणि प्रतिज्ञापत्र. क्रमही महत्त्वाचा. २०१४ चा बदल मंजूर झाल्याशिवाय २०१७ चा मंजूर होत नाही, जिन्याची पायरी वगळता येत नाही तसं. इथं अप्पांच्या पिढीला मानलं. २०१४ ची नोटीस कुणी कोणत्या दिवशी घेतली, याच्या सह्यांचा कागद इतिवृत्ताच्या वहीत खळीनं चिकटवलेला होता. आम्ही २०२३ ची नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे झालो असतो, अप्पांनी शिपायासारखं घरोघर फिरून सह्या घेतल्या म्हणून वाचलो.

याच काळात वर्गणी चालू होती. वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे महिन्याला शंभर. पहिल्या फेरीत ७१ घरांनी दिली. बाकीच्यांत तीन प्रकार : "साहेब घरी नाहीत" (साहेब आत क्रिकेट बघतायत, आवाज येतोय), "आम्ही भाडेकरू आहोत" आणि "मंडळ करतं काय?" तिसऱ्यांवर मी आधी चिडायचे. नंतर पिशवीत खर्चाचा तक्ता ठेवायला लागले. माळी, वीज, बोअर, सफाई, ऑडिट. तक्ता बघून तिसऱ्या प्रकारातल्या बऱ्याच जणांनी दिली. साहेब मात्र दिवाळीपर्यंत घरी नव्हते.

पावसाळ्याआधीची कामं तुम्हाला पाठ असतील : नाला, चेंबर, वायरींना टेकलेल्या गुलमोहराच्या फांद्या. महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, म्हणून "अण्णांना फोन करू" हा आमचा हुकमी उपाय बंद होता. विभागीय कार्यालयात लेखी अर्ज, पोच, आठवड्यानं पुन्हा फेरी. पोच घ्यायची सवय लागली, हा त्यातला फायदा.

मग आले गणपती. १९ सप्टेंबरला स्थापना, २८ ला अनंत चतुर्दशी, आणि ३० सप्टेंबर ही ऑडिट अहवाल देण्याची शेवटची मुदत. ३१ मार्चला हिशेब बंद, सहा महिन्यांत लेखापरीक्षण होऊन अहवाल धर्मादाय कार्यालयाकडं, असा नियम. सहा महिन्यांतले साडेपाच आम्ही "बघू" म्हणण्यात घालवले होते. मंडप, पोलिसांची परवानगी, आरतीच्या पाळ्या, मुलांच्या स्पर्धा हे नेहमीचंच. नोंदणी असल्यामुळं वर्गणीसाठी कलम ४१ क ची तात्पुरती परवानगी लागत नाही, एवढं एक सुख. चौथ्या दिवशी सीए म्हणाले, किराणा आणि डेकोरेशनची मागच्या वर्षीची व्हाउचर नाहीत. मी मंडपामागं खुर्ची टाकून, ढोल वाजत असताना, डेकोरेशनवाल्याला दुसरी प्रत मागत होते. मूर्ती संकलन केंद्रावर देऊन आलो, तेव्हा माझ्या पर्समध्ये प्रसादाच्या पुडीशेजारी ताळेबंदाची सहीची प्रत होती. २९ ला अहवाल ऑनलाइन भरला.

आता सातवे गृहस्थ. त्यांना मी काकाच म्हणेन. त्यांची सही नसली म्हणून अर्ज अडतो असं नाही. पण जाणाऱ्या विश्वस्तांना नोटीस जाते, त्यांनी हरकत घेतली तर प्रकरण वादाचं होतं आणि मग तारखा पडत राहतात. ना हरकत मिळाली तर सगळं सरळ. पहिल्या वेळी काकांनी दार उघडलं, "मंडळाचं असेल तर नको" म्हणाले, दार लावलं. दुसऱ्या वेळी काकूंनी आत बोलावलं, चहा दिला, काका गच्चीवरून खाली आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी मी कागद नेलाच नाही. विचारलं, "काका, २०१६ ला झालं काय?"

झालं होतं ते असं. त्या उन्हाळ्यात बागेची मोटर जळली. मंडळाकडं पैसे नव्हते, काकांनी स्वतःच्या खिशातून ११,४०० रुपये घालून नवी बसवली. सभेत कुणीतरी म्हणालं, "काकांनी कमिशन खाल्लं असेल." इतिवृत्तात मोटरीचा उल्लेखच नाही. "पैसे नकोत मला," काका म्हणाले, "पण वहीत दिसायला नको?"

घरी येऊन पेटी उपसली. 'किरकोळ' लिहिलेल्या लिफाफ्यात ते बिल सापडलं, काकांच्या नावाचं, मोटरीच्या नंबरासह. ती मोटर अजून चालते. सीएंना विचारलं, देणगी म्हणून नोंद घेऊ का? ते म्हणाले, बंद झालेल्या वर्षात मागच्या तारखेची नोंद अजिबात नाही. पण काय घडलं याचा आजच्या तारखेचा ठराव करायला कुणाची ना आहे? नोव्हेंबरच्या बैठकीत तसा ठराव झाला. रक्कम, मोटरीचा नंबर, आणि 'सभेत केलेले विधान मंडळ मागे घेत आहे' हे वाक्य, त्यावर मात्र अर्धा तास वाद झाला, कारण ते विधान करणारे गृहस्थ बैठकीत समोरच बसले होते. शेवटी सूचक म्हणून सही त्यांनीच केली. ठरावाची प्रत घेऊन गेले तेव्हा काकांनी ती उभ्यानंच वाचली, चष्मा पुसला आणि ना हरकतीवर सही केली. वर म्हणाले, "मोटरीला ऑइलिंग कोण करतं? आवाज येतो रात्री."

फेब्रुवारीत तिन्ही अर्ज ओळीनं मंजूर झाले. उतारा बँकेत दिला, मार्चमध्ये नव्या सह्यांचा पहिला चेक फाडला, माळ्याच्या नावानं. २०२४ मध्ये रंगपंचमी आली ३० मार्चला. पोरं जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारून पिवळीजर्द होऊन आली. दुसऱ्या दिवशी ३१ मार्च, रविवार, मी आणि अप्पा किर्द बंद करत बसलो होतो. रोख शिल्लक १७ रुपयांनी जास्त भरत होती. अप्पा तीन वेळा बेरीज करून म्हणाले, "कमी असती तर घातले असते. जास्तीचं काय करायचं?"

ते १७ रुपये आम्हाला सापडले दुपारी दोनला. बाग झाडणाऱ्या मावशींना खराट्याचे द्यायचे राहिले होते.