लाल नव्हतं ना?

२८ ऑगस्ट २०२५, गुरुवार. गणपतीचा दुसरा दिवस.

रात्रीचे दोन वाजून गेलेत. पडवीत अजून झब्बू चाललाय, मी मात्र मुद्दाम उठून आलो. थोडी लाज वाटतेय आणि हसूही येतंय.

भजनी मंडळ काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा घेऊन पुढच्या घरी गेलं, आणि लगेच चटया पडल्या. दरवर्षीचंच. दोन डाव होतात न होतात तोच पुतणीने जाहीर करून टाकलं, "काकाला जादू येते!" माझा स्वतःचा जोड पुण्याला ड्रॉवरमध्ये. नाही म्हणावं तर बारा-पंधरा जण वळून बघायला लागलेले. "घरातलाच जोड द्या," म्हणालो. उसन्या पत्त्यांवर केलेली जादू जास्त खरी वाटते, हे मला पक्कं ठाऊक. फुशारकी नडते ती अशी.

हातात आले ते पत्ते म्हणजे पावसाळ्यात फुगलेले, कडा मऊ पडलेले, चिकटू नयेत म्हणून पोरांनी वर कॅरमची पावडर चोळलेली. पिसताना दोन-दोन पानं एकत्र सरकत होती. आत्या म्हणाली, "त्यापेक्षा आमच्या वाडीची गंजिफा घी." सावंतवाडीची ती दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानं. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. ती कापायची कशी, हेच मला कळत नाही. मी हसून विषय बदलला आणि पान काढायला आत्यालाच पुढे केलं.

जादू अगदी शाळकरी. पिसून झालं की जोड चटईवर ठोकून सरळ करायचा आणि तेवढ्यात तळाचं पान हळूच बघून ठेवायचं. माझ्या नजरेला पडली इस्पिकची दश्शी. समोरच्याने कुठलंही पान काढायचं, बघायचं, जोडाच्या डोक्यावर ठेवायचं आणि जोड कापायचा. कापला की तळाची दश्शी बरोब्बर त्याच्या पानावर जाऊन बसते. मग खुशाल दहा वेळा कापू दे, पानांचं चक्र फिरतं, क्रम मोडत नाही. वरून एकेक पान उघडत जायचं. दश्शीनंतर येईल ते त्याचं.

आत्याने तीनदा कापलं. मी पानं उघडी टाकत गेलो. दश्शी आली. पुढचं पान चौकटची राणी. चेहरा कोरा ठेवून पुढे निघालो, कारण खरी मजा पुढे जाऊन मागे वळण्यात असते. आठ-दहा पानं पडली आणि परत इस्पिकची दश्शी!

पोटात गोळा आला. संध्याकाळी माणसं जास्त म्हणून झब्बूला दोन जोड मिसळले होते, पाठी सारख्याच. नंतर कुणीतरी अंदाजाने निम्मे करून ठेवले. (आत्ता हिशेब केला. अशा निम्म्या गठ्ठ्यात आपल्या पानाचं जुळं सापडायची शक्यता १०३ पैकी ५१. म्हणजे जवळजवळ नाणेफेकच.) दुसऱ्या दश्शीनंतर पडली किलवरची पंजी. आता राणी की पंजी?

हात थांबवला नाही. दोन पानं आणखी टाकली आणि अगदी सहज विचारलं, "आत्या, तुझं पान लाल नव्हतं ना?"

या 'ना'चे उपकार फेडणं कठीण आहे. "होतं" म्हणाली असती तर "तेच म्हणतोय, लालच वाटत होतं" म्हणून राणी उचलायची. "नव्हतं" म्हणाली तर "वाटलंच मला" म्हणून पंजी. दोन्हीकडून मीच बरोबर. जादूगार याला गळ टाकणं म्हणतात. आपल्याकडे लग्नं जमवणाऱ्या बायका हेच करतात, फक्त पत्त्यांशिवाय.

"नव्हता," आत्या म्हणाली.

"वाटलंच मला. आता जे पान उलटं करीन ते तुझं. लावतेस पैज?"

पंजी तर केव्हाच चटईवर पडलेली. पोरं ओरडली, "लाव, लाव! काका फसला!" एक मोदक ठरला. माझा हात गठ्ठ्याकडे जातोय असं वाटत असतानाच मी चटईवरची किलवरची पंजी उचलली आणि पालथी घातली.

एकच कल्ला झाला. पुतणी "परत, परत" म्हणून मागे लागली. तीच जादू लागोपाठ दोनदा करायची नसते, हा नियम मी कधी नव्हे तो पाळला.

पाणी प्यायला माजघरात गेलो तर आत्या मोदक घेऊन मागोमाग आली. झब्बूत तिला हरवलेलं मी आजवर कुणाला पाहिलं नाही. कुठलं पान कुणाकडे गेलं, सगळं डोक्यात असतं तिच्या. मोदक हातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "दुसरी दश्शी इली तेव्हा तुजा तोंड बघूक होया हुता."